भीमेवरचा डिकसळचा पूल

१८५८ सालच्या डिसेंबरात कुणाला मुंबईहून सोलापूर गाठायचं असेल, तर तो प्रवास असा व्हायचा. बोरीबंदरला आगगाडीत बसायचं आणि घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला उतरायचं. घाटात रूळ नव्हते. पालखी, डोली, तट्टू, बैलगाडी, ज्याची जशी ऐपत तसं वर चढून खंडाळा गाठायचा. खंडाळ्याला दुसरी आगगाडी. ती पुण्याला, आणि पुण्याहून पुढे दौंडावरून डिकसळला. डिकसळला पुन्हा सगळं सामान खाली. पुढे रूळ नाहीत, पुढे भीमा.

पुणे ते डिकसळ गाडी सुरू झाली १५ डिसेंबर १८५८ रोजी. नदी ओलांडून ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोहोचली १८५९ च्या ऑक्टोबरात. मधले दहा महिने इंदापूर तालुक्यातलं हे नदीकाठचं गाव जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या या फाट्याचं शेवटचं स्टेशन होतं. पुण्याकडून आलेला माल इथे बैलगाड्यांवर चढायचा, सोलापूर-बार्शीकडचा कापूस इथे बैलगाड्यांवरून उतरायचा. बाहेरच्या जगाने डिकसळला इतकं महत्त्व पुन्हा कधी दिलं नाही. ते दहा महिने पुलाचे होते, असं वेळापत्रकच सांगतं.

पूल अजून उभा आहे. बारामतीहून भिगवणला यायचं, तिथून नदीच्या अंगाला वळायचं, की थोड्याच वेळात उजनीच्या फुगवट्याचं पाणी दिसू लागतं आणि त्या पाण्यात काळ्या दगडी कमानींची लांब ओळ. अलीकडचं टोक पुणे जिल्ह्यातल्या डिकसळचं, पलीकडचं सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचं, कोंढार चिंचोलीचं. त्यावरून आता रेल्वे जात नाही. चाळीसहून अधिक वर्षं तो रस्त्याचा पूल आहे, तरी त्याची ओळख ब्रिटिशांचा रेल्वेपूल हीच राहिली.

पुलाचं वय विचारलं तर १८५५ हे साल ऐकायला मिळतं, वर्तमानपत्रांतही तेच छापून येतं. गाडी डिकसळला आली ती १८५८ च्या अखेरीस, हे लक्षात घेतलं तर १८५५ हे साल आखणीच्या काळाशी जुळेल, वापराशी नाही. मला स्वतःला १८५९ हेच पुलाचं खरं जन्मसाल वाटतं, कारण पुलावरून गाडी गेल्याशिवाय पूल कसला? तीन-चार वर्षांनी त्याच्या मोठेपणात काही फरक पडत नाही. १८५७ च्या धामधुमीनंतर दोनच वर्षांत, मुंबईची रेल्वे अजून घाटाखाली अडकलेली असताना, देशावर भीमेसारख्या नदीवर आगगाडी धावू लागली.

घाटाची ही अडचण समजून घेतली की पूल दगडाचाच का झाला तेही कळतं. भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याआधीची पाच वर्षं पुण्याच्या पुढची लाइन तुटक होती. तिचे रूळ आणि इंजिनं रस्त्याने घाट चढवून आणावी लागत. लोखंड विलायतेतून यायचं, तेही सुवेझ कालवा नसताना, आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांतून. सुवेझ खुला झाला १८६९ साली. मुंबई बंदरात उतरलेलं लोखंडी तुळयांचं ओझं खोपोलीपर्यंत रेल्वेने, मग बैलांच्या जिवावर घाटावर, आणि मग भीमेपर्यंत: एवढा खटाटोप करण्यापेक्षा पायाखालचा काळा दगड फोडणं केव्हाही परवडणारं. दख्खनच्या पठारावर आणखी काही नसेल, पण दगड आहे. पुढे घाट खुला झाला, लोखंड स्वस्त झालं, आणि नंतरच्या काळात मोठ्या नद्यांवर तुळयांचे पूल सर्रास होऊ लागले. डिकसळचा पूल त्याच्या आधीच्या पिढीतला आहे.

जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स जॉन बर्कले. मुंबई-ठाणे लाइन त्यांची, भोर घाटाची आखणी त्यांची, आणि घाटावरची ही लाइनही त्यांच्याच कारकिर्दीतली. घाटातून पहिली गाडी गेलेली पाहायला ते राहिले नाहीत. १८६२ साली, चाळिशी जेमतेम ओलांडलेली असताना ते इंग्लंडमध्ये वारले. पुस्तकांत पूल त्यांच्या नावावर जमा असतो, त्यात गैर काही नाही. पण छिन्नी-सुतकीचं काम करणारे हात इथलेच. देशावर दगडाचं काम वडार आणि पाथरवटांचं, बांधणी गवंड्यांची, चुना मळण्याचं काम बैलांचं. त्यांची नावं ठेवायची पद्धत तेव्हा नव्हती. फारशी आजही नाही.

चुन्याविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण पाण्यात उभ्या असलेल्या पुलाचं निम्मं रहस्य त्यात आहे. सिमेंट तेव्हा इथे कोणी वापरत नव्हतं. भीमाकाठच्या काळ्या रानात नांगराला पांढरट खडे लागतात, ती चुनखडी. शेतकऱ्याच्या दृष्टीने नुसती कटकट. हे खडे वेचायचे, भट्टीत भाजायचे, पाणी घालून विरवायचे आणि वाळूबरोबर घाणीत मळायचे. घाणी म्हणजे जमिनीत खोदलेला गोल दगडी चर. त्यात दगडी चाक, आणि चाकाला जुंपलेला बैल दिवसभर गोल फिरतोय. जुन्या किल्ल्यांवर, देवळांच्या आवारात अशी चाकं आजही पडलेली दिसतात. आपल्याकडच्या चुनखडीत नैसर्गिकरीत्याच मातीचा अंश असतो, आणि त्यामुळे तिचा चुना ओलाव्यातही धरतो. शुद्ध पांढऱ्या चुन्याला हे जमत नाही. त्याला घट्ट व्हायला हवा लागते. ज्या खड्यांना शेतकरी कंटाळायचा, तेच भीमेच्या पाण्यात पुलाचे दगड धरून बसले.

कामाचा हंगामही नदीच ठरवायची. भीमेला पूर येतो तो सह्याद्रीतल्या पावसाने; इंदापूरला आभाळ कोरडं असताना नदी दुथडी भरून वाहू शकते. त्यामुळे पात्रातलं काम दिवाळीनंतर धरायचं आणि ज्येष्ठाच्या आत उरकायचं. पाया खडकापर्यंत न्यायचा, खांब पुराच्या रेषेच्या वर आणायचे, मग लाकडी साचे उभे करून त्यावर कमानीचे दगड बसवायचे. दोन्ही बाजूंनी दगड चढत येतात आणि माथ्यावरचा मधला दगड ठोकून बसवला की कमान पुरी होते. तोवर सगळा भार साच्यावर. साचा काढला की कमान किंचित खाली बसते, दगड एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि त्या दाबावरच ती उभी राहते. दगडाला ताण सोसत नाही, दाब मात्र भरपूर सोसतो. कमानीची सगळी कला म्हणजे भाराचं रूपांतर दाबात करणं.

एकच कमान असेल तर तिचा रेटा काठावरच्या भिंती घेतात. पण ओळीने कमानी असतात तेव्हा शेजारणी एकमेकींचा रेटा सांभाळतात. डावीकडची कमान खांबाला उजवीकडे ढकलते, उजवीकडची डावीकडे, आणि खांब मधोमध सरळ उभा राहतो. त्यामुळे खांब बारीक ठेवता येतात, पाण्याला वाट मिळते, दगड वाचतो. धोकाही इथेच असतो. एक खांब खचला की त्याच्यावरच्या दोन्ही कमानी जातात, आणि मग पुढच्या खांबाला एकाच बाजूचा रेटा उरतो. म्हणून लांब पुलांत ठरावीक अंतरावर एखादा खांब मुद्दाम जाड बांधायची रीत होती. पडझड झालीच तर ती तिथपर्यंत येऊन थांबावी. हे गणित लक्षात ठेवा, पुढे वाळूचा विषय येणार आहे.

डिकसळच्या पुढे लाइन झपाट्याने गेली. १८६० च्या जूनमध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. लगेच अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. १८७१ साली जीआयपी आणि मद्रास रेल्वे रायचूरला एकमेकींना भेटल्या, तेव्हापासून मुंबई-मद्रास टपाल याच कमानींवरून धावू लागलं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात इंदापूर, करमाळा, सोलापूर हा पट्टा होरपळून निघाला. धान्याच्या गाड्या या पुलावरून गेल्या. रेल्वेने दुष्काळात धान्य आणलं की रेल्वेमुळेच धान्य महाग होऊन बाहेर गेलं, हा वाद तेव्हाही होता, इतिहासकार आजही तो घालतात. पुलाने दोन्ही दिशांचं ओझं वाहिलं.

बारामतीला मात्र रूळ यायला १९१४ उजाडावं लागलं, तेही दौंडहून अडीच फुटी अरुंद लाइनचे. आज बारामतीचं नाव देशभर ठाऊक असल्यामुळे विसरायला होतं, पण रेल्वेच्या बाबतीत डिकसळ बारामतीच्या पंचावन्न वर्षं पुढे होतं!

मग उजनी आलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा. म्हणूनच आपल्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेलं' ही बातमी दर उन्हाळ्यात ठरलेली. धरणाच्या भिंतीपासून वरच्या अंगाला कितीतरी मैल पाणी पसरलं. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतली गावंच्या गावं उठली, जमिनी गेल्या. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यात गेलं. पाणी खूप उतरलं की त्याचं शिखर आणि मग मंदिर वर येतं, आणि लोक पाहायला गर्दी करतात. रेल्वेची जुनी वाटही या फुगवट्यात सापडली. गाडी दुसऱ्या वाटेने नेली, भिगवणहून नव्या पुलावरून जिंती, पारेवाडी, वाशिंबे करत जेऊरला. जुन्या वाटेवरचं पोमलवाडी स्टेशन नकाशावरून गेलं.

रूळ उखडले, पूल राहिला, आणि त्याच्यावर रस्ता झाला. ही नवी नोकरी पुलाला न मागता मिळाली, पण तिची गरज मोठी होती. धरणाने नदीचं समुद्रासारखं पात्र केलं आणि पलीकडचा करमाळ्याचा पट्टा अलीकडच्या भिगवण-बारामतीपासून तोडला. बाजार, दवाखाना, कॉलेज, साखर कारखाना, सगळं अलीकडे. पूल नसेल तर शेकडो पावलांचं अंतर कितीतरी किलोमीटरांच्या वळशाचं होतं. गळिताच्या हंगामात उसाचे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली, भिगवणच्या मासळीबाजाराकडे निघालेले टेम्पो, हे सगळं आगगाडीच्या एका लाइनीसाठी बांधलेल्या रुंदीतून गेलं आहे. समोरून वाहन आलं तर एकाने थांबायचं. कठडे जागोजाग तुटलेले.

पाणी उतरलेलं असताना काठावरून खांब नीट पाहावेत. दगडांवर पाण्याच्या पातळीच्या आडव्या रेषा एकाखाली एक उमटलेल्या असतात. वरचे थर काळेभोर, खालचे गाळाने राखाडी. मधल्या पट्ट्यात, म्हणजे जिथे पाणी दरवर्षी चढतं आणि उतरतं तिथे, सांध्यांतला चुना सर्वांत जास्त गेलेला. काही सांध्यांत बोटं जातील एवढी फट, काहींत पिंपळाची रोपं. दगड शाबूत आहे. कडा अजून धारदार आहेत. झिजली ती दगडामधली भर. सतत पाण्याखाली असलेला चुना टिकतो, सतत कोरड्यातलाही टिकतो. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं हा खेळ त्याला मारक. पूल बांधणाऱ्यांनी पावसाळ्यातले चार महिने पूर आणि आठ महिने उघडं पात्र असा हिशेब धरला होता. वर्षातले बहुतेक महिने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहण्याची अट त्यांच्या करारात नव्हती.

त्यात वाळू. उजनीच्या फुगवट्यातला चोरटा वाळूउपसा दोन्ही जिल्ह्यांना नवा नाही. यांत्रिक बोटी पकडल्या, जिलेटिन लावून बुडवल्या, अशा बातम्या येत असतात आणि पुन्हा बोटी येत असतात. आता मघाचं गणित आठवा. दगडी कमानींचे पूल वरच्या ओझ्याने सहसा पडत नाहीत, त्यांच्यात ताकदीची शिल्लक भरपूर असते. जगभर असे पूल पडले ते बहुतेक पायाखालची जमीन सरकल्याने किंवा पुराने पाया उघडा पाडल्याने. कमानींच्या ओळीत एका खांबाजवळचा उपसा हा एका खांबाचा प्रश्न नसतो. उसाच्या ट्रॅक्टरांवर बोट ठेवणं सोपं आहे, ते दिवसा दिसतात. माझ्या मते पुलाचा खरा वैरी रात्री बोटीतून येतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं गेली, माणसं वाहून गेली. त्या पुलाचं बांधकाम १९२८ चं, म्हणजे डिकसळच्या पुलाहून जवळजवळ सत्तर वर्षांनी तरुण. त्यानंतर राज्यातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय निघाला आणि डिकसळची काळजीही वाढली. जड वाहनांना बंदी, मग पुन्हा मुभा, पुन्हा बंदी. पुढे पुलाचा काही भाग ढासळला तेव्हा दोन्ही काठांवर धास्ती बसली.

आणि तरीही लोक पूल का सोडत नाहीत, याचं उत्तर २१ मे २०२४ च्या संध्याकाळी मिळालं. त्या दिवशी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. कुगाव डिकसळपासून खाली, फुगवट्याच्या रुंद भागात आहे. तिथे पूल नव्हता. पूल नसला की माणसं बोटीत बसतात. म्हणून डिकसळच्या पुलाकडे नुसतं वारसा म्हणून पाहणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं, की काठावरच्या माणसाला पूल हवा आहे तो पलीकडे जायला. मजबूत, रुंद, कठडे असलेला नवा पूल त्याचा हक्क आहे. असा पूल मंजूर झाला आणि जुन्याच्या शेजारी कामाला लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. कुगावकडेही शिरसोडीहून पुलाचं काम हाती घेतलं आहे.

प्रश्न आहे तो नंतरचा. नवा पूल झाल्यावर जुन्याचं काय? आपल्याकडे याचं उत्तर बहुधा ठेकेदाराच्या यंत्राने दिलेलं असतं. भोर घाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, स्फोटाने पाडला. तिथे एक्स्प्रेसवेची अडचण तरी होती. डिकसळला कुणाच्याच वाटेत पूल येत नाही. तो फक्त उभा राहील, आणि उभा राहायला त्याला फार काही लागत नाही: सांध्यांतली झाडं मुळासकट काढणं, गेलेल्या जागी चुन्यानेच भरणी करणं, खांबांभोवती दगडांचं संरक्षण टाकणं आणि आसपासचा वाळूउपसा खरोखर बंद करणं. 'चुन्यानेच' हा शब्द मुद्दाम लिहिला. अशा दुरुस्तीत सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, आणि टणक सिमेंटशेजारी जुना चुना व दगडाच्या कडा तुटत जातात. कितीतरी देवळांच्या भिंतींवर हा प्रयोग करून झाला आहे. निकाल सगळ्यांना दिसतो.

आंध्रात राजमहेंद्रीला गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९९७ साली रेल्वेतून निवृत्त झाला आणि पाडला गेला नाही. असा जुना पूल पाहायला लोक येऊ शकतात, आणि डिकसळला तर पाहुणे आधीपासूनच येतात. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की भिगवण, कुंभारगाव, डिकसळचा काठ कॅमेऱ्यांनी भरून जातो. होडीवाले त्यांना पाण्यातून फिरवतात. त्याच होडीतून कमानींखालून एक फेरी मारली, तर दीडशे वर्षांपूर्वीची गवंडीकामाची शाळा डोक्यावरून सरकताना दिसेल. होडीवाल्याला चार पैसे जास्त मिळतील.

त्याआधी एक काम अगदी बिनखर्चाचं आहे: पुलाची नीट मोजणी. इंदापूर तालुक्याला मोजणीचा मान जुना आहे. मुंबई इलाख्यातल्या जमीन महसुलाच्या नव्या मोजणीची सुरुवात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात केली. पुढे शेताच्या बांधाबांधाला नंबर पडले. बारामतीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुणे-सोलापुरात तर कितीतरी. एका बॅचच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात प्रत्येक कमानीचा गाळा, उंची, दगडांचे थर, तडे, निखळलेले दगड मोजून नकाशा काढला आणि त्याच्या प्रती डिकसळ व कोंढार चिंचोलीच्या ग्रामपंचायतींत लावल्या, तर पुढच्या प्रत्येक पावसाळ्यानंतर ताडून पाहता येईल, की काय हललं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या अभियंत्यांनी नव्या पुलाच्या कामातच जुन्याच्या देखभालीचा एक परिच्छेद घालावा. तो आत्ताच घातला गेला तर घातला जाईल. उद्घाटनाच्या फिती कापल्यानंतर जुन्या पुलासाठी फाइल उघडणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

वाचकांपैकी कुणाला जायचं असेल, तर मे महिन्याच्या अखेरीस, धरण मायनसमध्ये असताना आणि पाऊस लागायच्या आत जावं. तेव्हाच खांब सर्वांत जास्त उघडे असतात. गाडी अलीकडेच लावा, पुलावर चढू नका, काठाकाठाने चालत जाऊन पाहा.